मामा सोडून सगळ्यांना

बोत्स्वानातल्या गाबोरोनच्या ज्या सरकारी कचेरीत रावामे उपसंचालक होता, तिथल्या माहिती-गोपनीयता समितीचा अध्यक्षही तोच होता. आपला पासवर्ड कुणालाही सांगू नये, स्वतःच्या बायकोलाही सांगू नये, असं पत्रक त्याने स्वतःच्या सहीने काढून कचेरीच्या प्रत्येक मजल्यावर चिकटवलं होतं. त्याचा स्वतःचा पासवर्ड मात्र, कचेरीतला आणि फोनमधलाही एकच, बायकोच सांभाळायची, कारण तो त्याच्या लक्षात राहत नसे. पण समितीचा विषय वेगळा आणि संसाराचा विषय वेगळा, असं त्याचं मत होतं.

त्याचं खरं नाव मोगोमोत्सी. थोरली लेक वामे जन्मली त्या दिवसापासून तो रावामे, म्हणजे वामेचा बाप झाला आणि त्याची बायको मावामे, म्हणजे वामेची आई झाली. आमच्याकडे माणसाला पोर झालं की त्याचं नाव जातं आणि अब्रू सांभाळायचं काम मागे लागतं. आता त्याच वामेचं लग्न ठरत होतं.

‘ठरत होतं’ असंच म्हणायला हवं. ‘ठरलं’ म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण मामाला अजून सांगायचं होतं. मुलीच्या लग्नाची गोष्ट आधी मामाच्या कानावर घालतात, तीही समोर बसून, टोपी काढून. फोनवर नाही, निरोपाने तर नाहीच. मामाने मान हलवली की मग मुलाकडचे काका-मामा पहाटे येऊन पाण्यासाठी तुंबा मागतात. मुलगी मागायची नाही, तुंबा मागायचा. मावामेचा थोरला भाऊ ओलेबिले, म्हणजे वामेचा मामा, या बाबतीत फार कडक माणूस. दुसऱ्या एका भाचीच्या लग्नाची बातमी त्याला बाजारात परस्पर कळली, तर तो त्या लग्नाला फिरकलाच नाही. त्या भाचीची पोरं आता शाळेत जातात, पण नातेवाईक अजून “तिचं ते... लग्न” असं मधे थांबून म्हणतात.

हा मामा लेथलाकेंगच्या पलीकडे वाळूत, आपल्या गुरांच्या तळावर राहायचा. तिथे वीज नाही, धड रस्ता नाही आणि रावामेच्या ठाम समजुतीप्रमाणे फोनला रेंजही नाही. महिनाअखेरीला जोडून सुट्टी येत होती. तेव्हा नवराबायको आणि रावामेची थोरली बहीण सेगामेत्सी, जिला सगळे आत्या म्हणत, असे तिघे जाऊन रीतसर सांगणार होते. तोवर सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं ठरलं होतं.

एका रविवारी मावामेने पडदे ओढले, दाराला कडी घातली आणि लेकीसाठी आणलेली चौकड्यांची शाल पेटीतून काढली. ही शाल लग्न झालेल्या बाईनेच पांघरायची असते. पण लांबीला बरी होते का एवढं बघायला म्हणून तिने ती वामेच्या खांद्यावर टाकून पुढे पिन लावली. पोरीने मान खाली घातली आणि हसली. रावामेला एकदम भरून आलं. त्याने फोन काढून फोटो घेतला.

“अहो, फोटो कशाला?” मावामे म्हणाली.

“आपल्यापुरता.”

खरी मेख या ‘आपल्यापुरता’ शब्दात होती. रावामेच्या शाळेतले सोबती एका सोशल साइटवर रोज काही ना काही मिरवत असत. कुणाची नवी गाडी, कुणाचा नातू, कुणाची समुद्राकाठची सहल. रावामेने आजवर तिथे काय टाकलं होतं? दुष्काळातल्या दोन गाई, आणि त्याही मागून. मनुष्यप्राण्याच्या सहनशक्तीला मर्यादा असते. गुप्त काम गुप्तपणेच करायला हवं म्हणून तो अंगणातल्या गाडीत जाऊन बसला, काचा वर केल्या, आणि ‘हा फोटो कुणाला दिसावा?’ या प्रश्नाखाली ‘अमुक सोडून सगळ्यांना’ असा पर्याय त्याने शोधून काढला. सोडायचं कुणाला? मामाला. त्याने मामाचं नाव टाईप केलं. ‘या नावाचं कुणी सापडलं नाही,’ असं उत्तर आलं.

यावर रावामेने समितीच्या अध्यक्षाला शोभेल असा विचार केला. मामा इथे नाहीच, म्हणजे मामा आपोआप सुटला. राहिले सगळे. मग त्याने ‘सगळ्यांना’ दाबलं, खाली ‘माझी लेक’ एवढंच लिहिलं आणि घामाघूम होऊन गाडीतून उतरला.

तो पायरीवर पोचतो न पोचतो तोच शेजारच्या भिंतीपलीकडून लग्नात बायका जिभेने देतात ती लांबलचक ललकारी उठली. मागोमाग मातेफोचं डोकं वर आलं. मातेफो पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेली, पण चौकशीतून निवृत्त न झालेली बाई होती.

“रावामे! अभिनंदन! शाल काय खुलून दिसते हो पोरीला! मामा काय म्हणाले?”

रावामेने फोन पाठीमागे लपवला. “कसली शाल?”

“तुम्हीच टाकलीत ना फोटोत? माझ्या बहिणीनेही बघितला, माऊनहून. तिच्या सुनेनेही. मामांना सांगून झालं ना पण?” मातेफोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती तशीच भिंतीवर कोपर टेकून उभी राहिली. “नाही झालं. अरे देवा.”

“पुसून टाकतो,” रावामे म्हणाला.

“खुळे आहात का? आता पुसलात तर लोक म्हणतील मोडलं! लग्न झाकता येतं, मोडलेलं लग्न झाकता येत नाही. मी तीस वर्षं पंचनामे केलेत. पुरावा नष्ट करणारा पहिला सापडतो.”

हे रावामेला पटलं. माणूस घाबरला की त्याला कुणाचंही काहीही पटतं. मग मातेफोने खुर्ची भिंतीपाशी ओढली, चहाचा मग भिंतीवर ठेवला, आणि तपासाला प्रारंभ झाला. फोटो पुसायचा नाही, फक्त ज्यांच्या तोंडून तो मामापर्यंत जाईल त्यांच्यापासून तो लपवायचा. मामाशी कोण बोलतं? लेथलाकेंगचा दुकानदार बोलतो. त्याला वगळा. दुकानदाराची मेहुणी चर्चच्या गायनवृंदात आहे. आख्खा गायनवृंद वगळा. गायनवृंदातल्या बास गाणाऱ्याचा भाऊ गुरांचा डॉक्टर आहे, तो महिन्याला तळावर जातो. गुरांचे सगळे डॉक्टर वगळा.

“शाळेतले सोबती तरी राहू देत,” रावामे काकुळतीला येऊन म्हणाला. त्यांच्यासाठीच तर एवढं केलं होतं.

“त्यातला तो जाडा, त्याची आई कुठली?”

“लेथलाकेंगची,” रावामे म्हणाला आणि त्याने सोबत्यांवरही पाणी सोडलं. या देशाची वस्तीच इतकी थोडी, की कुणालाही जरा खरवडलं की खाली मामाचा नातेवाईक निघतो.

हे सगळं इतक्या भराभर चाललं होतं की साइटलाच संशय आला. पडद्यावर एकाएकी लिहून आलं की तुमच्या खात्यात कुणी परका घुसलेला दिसतो, तरी तुम्ही खरोखरच तुम्ही आहात हे सिद्ध करा. उपसंचालक असलेल्या, गोपनीयतेचा अध्यक्ष असलेल्या माणसाला हे! रावामेने तक्रारीचा मजकूरही मनात जुळवला, पण तो कुणाच्या नावे पाठवायचा ते कुठेच दिलेलं नव्हतं. दिली होती ती परीक्षा. मित्रांचे फोटो दाखवतो, कोण ते ओळखा. पहिल्या फोटोत चर्चमधल्या टोप्या होत्या, पाठमोऱ्या. चुकला. दुसऱ्यात एक तान्हं मूल होतं. चुकला. तिसरा फोटो आला आणि रावामेचा चेहरा उजळला. एक शिंग खाली वळलेला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला तांबडा वळू.

“तौ!” तो ओरडला. बरोबर! पुढे एक कबरी गाय आली, तीही त्याने मालकाच्या नावासकट सांगितली. मग शिंगं नसलेली एक कालवड. माणसांत नापास झालेला रावामे गुरांवर पास झाला आणि खातं पुन्हा उघडलं.

या तौविषयी सांगायला हवं. आमच्याकडे पुरुषमाणसाने आपल्या तोंडाच्या जागी आपल्या वळूचा फोटो लावला तर कुणी काही विचारत नाही, उलट चेहऱ्यापेक्षा बरा दिसतो. तौ नावाच्या खात्याशी रावामेची दोन-तीन वर्षांची दोस्ती होती. मालक कोण, कुठला, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. असेल कुणी शौकीन. पण माणूस जाणता. गोचीड, खुरकूत, चारा, सगळ्यात त्याचा शब्द शेवटचा. रावामेची चार जनावरं मेहुण्याच्याच तळावर असत आणि तो स्वतः बरीच वर्षं तिकडे फिरकला नव्हता, तेव्हा एकदा त्याने तौजवळ मन मोकळंही केलं होतं. ‘माझा मेहुणा फार हेकट आहे. माझ्या गाई तो शेवटी पाणवठ्यावर नेतो असा मला संशय आहे.’ तौने उलट लिहिलं होतं, ‘मेहुण्यावर विश्वास ठेवावा. शेवटी जाणाऱ्या गाईला घाई नसते.’ रावामेला ते फार आवडलं होतं.

मंगळवारपर्यंत वगळण्याचं काम पुरं झालं. आता तो फोटो फक्त तौला दिसत होता. मातेफोलासुद्धा वगळलं होतं, तिच्याच सल्ल्याने.

“वळू राहू द्या,” ती म्हणाली. “वळूला नातेवाईक नसतात.”

पण वगळताना रावामेचं बोट दोन-चार ठिकाणी भलत्याच बटणावर पडलं होतं. बुधवारी संध्याकाळी फाटक धाडकन उघडलं आणि सेगामेत्सी आत्या आलं घातलेल्या सरबताची बादली घेऊन आत शिरली. बादली तिने अशी आदळली की सरबत बाहेर आलं.

“मोगोमोत्सी! मला तुझ्या घरातून काढलंस?”

“अक्का, घरातून कुठे? ते नुसतं फोनमधलं...”

“फोनमधलं घर नाही होय? तुझं नाव टाकलं तर म्हणे असं माणूसच नाही! मला वाटलं, गेलास! मी रडले, काळा डगला काढला, मग मंडईत तुला भाजलेलं मक्याचं कणीस खाताना बघितलं!”

मग काही झाकून ठेवण्यात अर्थ उरला नाही. मावामेला आतून सगळं ऐकू गेलं. ती बाहेर आली, नवऱ्याकडे तिने एकदाच बघितलं आणि काही न बोलता पुन्हा आत गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढा मोठा अपमान रावामेने सोसला नव्हता. ती ओरडली असती तर त्याने निदान उत्तर दिलं असतं.

वामे मात्र त्याच्या शेजारी येऊन पायरीवर बसली.

“पप्पा, मला पहिलं वासरू कुणी दिलं?”

“मामाने.”

“मला ताप आला तेव्हा वाळूतून पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात कुणी नेलं? तुम्ही तेव्हा ट्रेनिंगला होतात.” तिने पायरीवरचा खडा उचलून अंगणात टाकला. “मामा रुसला तर तो यायचा नाही. आणि तो समोर नसताना मी कुणाच्या घरी जाणार नाही. ओफेंत्सेला मी तसं सांगून टाकलंय.”

“मग तो काय म्हणाला?”

“तो म्हणाला, तुझ्या पप्पांना फोन ठेवायला सांग.”

होणारा जावईही असं बोलायला लागला म्हटल्यावर सुट्टीची वाट बघण्यात शहाणपण नव्हतं. रावामेने शुक्रवारची रजा टाकली. रजेच्या कारणाच्या रकान्यात ‘गोपनीय’ असं लिहिलं आणि ते त्याच्याच समितीपुढे मंजुरीला गेलं, म्हणून त्याला आधी समितीची बैठक बोलवावी लागली आणि शुक्रवार त्यातच गेला. अखेर शनिवारी पहाटे निघाले. लेथलाकेंगपर्यंत डांबर होतं. त्यापुढे वाळू होती, आणि रावामेची गाडी कचेरीच्या वाहनतळासाठी घेतलेली होती. ती पहिल्याच चढावर पोटापर्यंत रुतली. आत्याने उतरून काट्याच्या फांद्या तोडल्या, चाकांखाली घातल्या आणि ढकलता ढकलता भावाच्या लहानपणापासूनच्या सगळ्या चुका एकेक करून मोजल्या. मावामे नवऱ्याकडे न बघता फांद्या पुरवत होती. तळावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि तिघांच्या भुवयांत वाळू होती.

मामा पाण्याच्या टाकीवर होता. लोखंडी शिडी चढून, अगदी वर, पाय सोडून बसलेला. त्यांना बघून त्याने हातातलं काहीतरी खिशात घातलं आणि सावकाश खाली उतरला.

“पाणी बघत होतो,” तो म्हणाला. “या.”

मामाने स्वतः लाकडी खुर्च्या मांडल्या, बायकांना चटई टाकली. रावामेने टोपी काढली. मग पाऊस कसा आहे ते झालं. गुरं कशी आहेत ते झालं. गाबोरोनमधल्या सगळ्यांच्या तब्येती एकेक करून झाल्या, मेलेल्यांची आठवण निघाली. ज्वारीची लापशी आली, त्यावर घट्ट आंबट दूध आलं. रावामे लापशी नुसती ढवळत राहिला. मामाच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. त्याला बातमी असेल का? असेल तर तो आता उठेल, पाठ फिरवेल, आणि आपल्या लेकीच्या लग्नालाही उद्यापासून लोक मधे थांबून नाव घेतील. आणि पोरगी तर घरातून हलायचीच नाही. स्वतःच्या हाताने, गाडीच्या काचा वर करून, आपण हे केलं.

अखेर आत्याने घसा साफ केला.

“मामा, आम्ही काही सांगायला आलोय. कुणी लोक आहेत. ते म्हणतात, त्यांना तहान लागली आहे. तुंबा मागायला यायचं म्हणतात.”

मामाने हातातला वाडगा खाली ठेवला. टाकीजवळच्या पवनचक्कीचा पंखा कुरकुरत होता.

“तुंबा?” तो म्हणाला. “आमच्याकडे?”

“तुमच्याकडे.”

“आमच्या घरात तुंबा आहे असं त्यांना कुणी सांगितलं?”

“लोकांना दिसतं, मामा.”

“दिसतं का?” मामाने रावामेकडे बघितलं. रावामेने टोपी गुडघ्यावर गोल गोल फिरवली. “कोण लोक? त्यांची गुरं कुठे? मुलगा काही काम करतो का?” एकेक प्रश्न त्याने असा विचारला की त्याला काहीच ठाऊक नसावं. ओफेंत्सेचं नाव ऐकल्यावर तर त्याने ते दोनदा म्हणून बघितलं. मग डोळे पुसले, आणि ते त्याने लपवलं नाही. “आमची वामे. काल वासराच्या मागे धावत होती.”

“म्हणजे...?” मावामेने विचारलं.

“म्हणजे येऊ देत पहाटे. मी असेन.” मामा हसला. “आणि ती शाल जरा आखूड कर. पोरीच्या पायात येते.”

आत्याने लापशीच्या वाडग्यात बघितलं. मामाने शांतपणे उरलेलं दूध प्यायलं.

“असेल म्हणून म्हटलं,” तो म्हणाला. “बुटकीच आहे आमची. रावामे, चला, तुमच्या गाई दाखवतो. त्या शेवटी पाणवठ्यावर जातात. घाई नसते त्यांना.”

रावामे त्याच्यामागून काट्याच्या कुंपणापर्यंत गेला, कसा गेला ते त्याचं त्यालाच माहीत. कुंपणाआड, गाईंच्या मधोमध, तांबडा वळू उभा होता. कपाळावर पांढरा ठिपका होता. एक शिंग खाली वळलेलं होतं. त्या शिंगावरून तर रावामे परीक्षा पास झाला होता.

रावामेला दोन-तीन वर्षांत आपण या वळूला लिहिलेलं सगळं ओळीने आठवलं. हेकट आठवलं. संशय आठवला. एकदा रात्री ‘बायकोचं माहेर म्हणजे’ असं सुरू करून लिहिलेलं बरंच काही आठवलं. त्याचे कान तापले.

“मामा, हा वळू...”

“काही बोलत नाही हा,” मामा म्हणाला आणि वळूच्या मानेवर थोपटलं. “सगळ्यांचं ऐकतो. कुणाचं कुणाला सांगत नाही. म्हणून तर ठेवलाय.” मग जरा थांबून म्हणाला, “कळणं वेगळं, रावामे. सांगितलं जाणं वेगळं. तुम्ही वाळूतून इथवर आलात. मला आज सांगितलंत. मला आज कळलं.”

रावामेने पुन्हा टोपी काढली. ती कशासाठी काढली ते मामाने विचारलं नाही.

परत येताना गाडी कुठेही रुतली नाही. डांबर लागलं तशी रेंज आली आणि फोन थरथरला. आत्या मागच्या सीटवर घोरत होती. रावामेने गाडी कडेला घेतली. त्या फोटोला पहिला अंगठा पडला होता. तौचा. मंगळवारपासून तो फोटो एकट्या तौला दिसत होता, आणि त्याने बोटही उचललं नव्हतं. आता अंगठ्याखाली त्याने लिहिलं होतं, ‘आजच समजलं. फार आनंद झाला.’

रावामेने ते तीनदा वाचलं. डोळ्यांतली वाळू पुसली. मग त्याने मनाशी पक्कं केलं की हे मात्र आपण कुणालाही सांगायचं नाही, मातेफोला नाही, आत्याला नाही, बायकोलाही नाही. मामाने जे पाळलं ते आपणही पाळायचं. आयुष्यात निदान एक गुपित तरी नीट ठेवायचं.

“काय आलंय?” मावामेने बुधवारनंतर पहिल्यांदा आपणहून विचारलं आणि फोनकडे वाकून बघितलं. “हा तौ कोण हो?”

“आहे एक ओळखीचा,” रावामे म्हणाला.

“चांगला दिसतोय.”

“फार चांगला.”

“असं?” मावामे म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिच्या तोंडावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. चेहरा अगदी कोरा होता, लापशीसमोर बसलेल्या तिच्या भावाचा होता तसाच. गाडीने पुन्हा वेग घेतला, पुढचं गाव आलं आणि गेलं, आणि तेव्हा कुठे रावामेला आठवलं की आपला पासवर्ड तिच्याकडे असतो.